डोळ्यांना सुट्टी: नॅरेटरवर लेख ऐकण्याच्या सरावाची नोंदवही

आधी ध्येय लिहून ठेवतो, म्हणजे नंतर पळवाट काढता येणार नाही. एक मोठा मराठी लेख मॉनिटर बंद ठेवून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि त्यातलं कुणी काही विचारलं तर सांगता आलं पाहिजे. वेगळं सॉफ्टवेअर घ्यायचं नाही, संगणकात जे आधीपासून आहे त्यावरच भागवायचं. माझ्याकडे विंडोज ११ आहे, म्हणजे नॅरेटर, स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा ‘स्क्रीन रीडर’. मॅकवाल्यांकडे व्हॉइसओव्हर असतो, नोम डेस्कटॉपवाल्या लिनक्सकरांकडे ओर्का. कळा वेगळ्या, पण दुखणी बहुतेक सारखीच निघतील.

एक गोष्ट कबूल करतो. मी डोळस आहे. दिवसभर स्क्रीनकडे बघून संध्याकाळी डोळे चुरचुरतात, म्हणून हा उद्योग. ज्यांचं सगळं कामच स्क्रीन रीडरवर चालतं, त्यांना ही नोंदवही बालवाडीची वाटेल. माझा एक मित्र जन्मापासून अंध आहे. त्याला वाटलीच, आणि त्याने तसं सांगितलंही.

दिवस १

विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकदम दाबलं. डेव्हिड नावाचा इंग्रजी आवाज बोलायला लागला. मोठा मराठी लेख उघडला, कॅप्स लॉक धरून खालचा बाण दाबला आणि खुर्चीत मागे रेलून बसलो.

लेख मिनिटभरात संपला. पंधरा मिनिटांचा ऐवज! झालं असं की, लेखात जे पाच-सात शब्द रोमन लिपीत होते तेवढेच डेव्हिडने वाचले. बाकी देवनागरी त्याने गिळून टाकली. चूक झाल्याची सूचना नाही, अडखळणं नाही. मधे मधे ‘लिंक’ म्हणत गडी थेट शेवटाला पोचला.

सेटिंगमध्ये आवाज शोधले. नॅरेटरच्या यादीत मला मराठी आवाज मिळाला नाही. हिंदीचे हेमंत आणि कल्पना मिळाले. कल्पनाताईंना कामावर ठेवलं.

दिवस २ ते ४

कल्पनाताई देवनागरी वाचतात, पण लेखाच्या आधी पानावरचं सगळं वाचतात. मेनू, शोधपेटी, ‘लॉग इन करा’, आजच्या दहा ठळक बातम्या, मग पुन्हा मेनू. टॅब दाबत पुढे सरकलो. सत्तेचाळीस टॅब मोजले. लेख काही आला नाही, थेट तळाचे संपर्काचे दुवे आले.

मित्राला फोन केला. तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, “अरे, टॅब फक्त लिंका, बटणं आणि भरायच्या चौकटींवर थांबतो. परिच्छेदावर तो कशाला थांबेल? एच दाब.”

एच दाबला की पुढच्या हेडिंगवर उडी. १ दाबला की पहिल्या पातळीच्या हेडिंगवर, म्हणजे बहुतेक पानांवर सरळ लेखाच्या शीर्षकावर. के दाबला की लिंक, टी दाबला की तक्ता, पी दाबला की पुढचा परिच्छेद. हे सगळं स्कॅन मोडमध्ये, म्हणजे एकेका कळेने पानावर फिरायच्या सोयीत, चालतं आणि वेबपानावर तो बहुधा आपोआप सुरू असतो. नसेल तर कॅप्स लॉक आणि स्पेस. कॅप्स लॉक आणि एफ६ दाबलं की पानावरच्या सगळ्या हेडिंगांची यादी उघडते. ती यादी ऐकली की लेख कसा बांधलाय ते वाचायच्या आधीच कळतं. डोळ्यांनी वाचताना मी हे कधी केलं नव्हतं, सरळ पहिल्या वाक्यात उडी मारायचो.

आता माझी रीत अशी बसलीय: पान उघडलं की १, शीर्षक ऐकायचं, कॅप्स लॉक आणि खालचा बाण. थांबायचं असेल तर कंट्रोल. काही निसटलं तर शिफ्ट आणि पी, म्हणजे एक परिच्छेद मागे, आणि तिथून पुन्हा. चार कळांचा खेळ आहे, पण बोटांना तो बसायला तीन दिवस गेले.

दिवस ५

कॅप्स लॉक ही नॅरेटरची कळ झाल्यावर तिचं मूळ काम दोनदा पटापट दाबल्यावर होतं. हे मला माहीत नव्हतं. घाईत कधीतरी ती दोनदा दाबली गेली, पासवर्ड मोठ्या अक्षरांत पडत राहिला आणि पाचव्या प्रयत्नाला एक खातं तात्पुरतं बंद झालं. पासवर्ड टाकताना रीडर अक्षरं उच्चारत नाही, ते बरोबरच आहे. पण त्यामुळे काय चुकतंय ते कळेना. आता मी इन्सर्ट वापरतो. दोन्ही चालतात.

कॅप्स लॉक किंवा इन्सर्ट धरून १ दाबलं की कळांचा सराव सुरू होतो. कुठलीही कळ दाबा, ती काय करते ते सांगितलं जातं, प्रत्यक्षात काही होत नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

दिवस ७

पानापानांत फरक किती, ते आज कळलं. एका पानावर मधली शीर्षकं नुसती ठळक केलेली होती. डोळ्याला ती हेडिंगं, पण रीडरला साधा मजकूर. एच दाबला तर ‘पुढे हेडिंग नाही’. दुसऱ्या पानावर चित्रांना वर्णनच नव्हतं, त्यामुळे फाइलचं नाव वाचलं गेलं: आयएमजी, अंडरस्कोर आणि पुढे आठ आकडे, एकेक करून. तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात स्वतःहून बदलणारी बातम्यांची पट्टी होती. ती दर थोड्या वेळाने लेखाचं वाक्य तोडून मधेच बोलायची. बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवून तिसऱ्यानेच सुरू करावं, तसं.

यावरचा उतारा म्हणजे ब्राउझरचा वाचन मोड. एजमध्ये एफ९. पानाची पिसं काढून नुसता लेख समोर ठेवतो, आणि मग नॅरेटर सुतासारखा सरळ चालतो. पण तो कधी कधी लेखातली चौकट किंवा तक्ताही पिसांबरोबर उपटतो. ‘खालील तक्त्यात दिल्याप्रमाणे’ ऐकलं आणि खाली तक्ताच नव्हता, असं दोनदा झालं.

दिवस ९ ते १३

या नोंदीसाठीच ही वही ठेवली होती असं आता वाटतंय. हिंदी आवाजात मराठी ऐकणं.

लिपी एकच असल्याने वरवर काम भागतं. बारकाईने ऐकलं की गंमत सुरू होते. ‘विज्ञान’ म्हटलं की ‘विग्यान’, कारण हिंदीत ज्ञ चा उच्चार तसाच. ‘चाक’ म्हणजे ‘च्याक’, ‘जग’ म्हणजे ‘ज्यग’. आपले च आणि ज दोन प्रकारचे आहेत हे लिपीत दिसतच नाही, तर त्या बिचाऱ्या आवाजाला कुठून कळणार? ळ चा ल होतो, त्यामुळे ‘तो काळ वेगळा होता’ हे ‘तो काल वेगला होता’ असं ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चक्क विचार केला, काल कोण वेगळं झालं?

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ माझ्या कानाला एकच लागले. डोंगरावरच्या लेखात अचानक समुद्र आला. शाळेत शिकवलेली ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ ही जोडी मुद्दाम टाइप करून ऐकली. स्वयंपाकी आणि गुरुजी एकाच पंगतीत बसले.

आकडे तर वेगळंच प्रकरण. मराठी वाक्य चाललंय आणि मधेच १९४७ आलं की ‘उन्नीस सौ सैंतालीस’. वाक्याचा सूर मराठी, आकडा हिंदी. चारच दिवसांत सवय झाली आणि मी मनातल्या मनात भाषांतर करू लागलो. फक्त ‘उनसठ’ आणि ‘उनहत्तर’ला अजून अडखळतो.

तुलनेसाठी एजमधलं ‘मोठ्याने वाचा’ लावून पाहिलं (कंट्रोल, शिफ्ट, यू). तिथे आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत. ळ स्वच्छ, ज्ञ आपला. मग तेच का वापरू नये? लेख समोर असेल आणि नुसता ऐकायचा असेल तर जरूर वापरा. पण ती सोय स्क्रीन रीडर नव्हे. ती लेख वाचून दाखवते, पण तुम्हाला लेखापर्यंत नेत नाही. कुठल्या बटणावर आहात, पुढे लिंक आहे की चौकट, यादी किती कलमांची, हे सांगणं तिचं कामच नाही. शिवाय ते आवाज इंटरनेटवरून येतात, जोडणी गेली की गप्प. माझी अट मॉनिटर बंद ठेवण्याची आहे, त्यामुळे कल्पनाताईंशिवाय इलाज नाही.

जाता जाता, पान बनवणाऱ्यांसाठी: पानाच्या मुळाशी भाषेची खूण लिहायची सोय असते, मराठीसाठी ‘एमआर’. व्हॉइसओव्हरसारखे रीडर ती पाहून आवाज आपोआप बदलू शकतात. वेबसुलभतेच्या २००८ सालच्या दंडकांत ही अट अगदी प्राथमिक पातळीवर आहे. तरी मी उघडलेल्या कित्येक मराठी पानांवर खूण इंग्रजीची निघाली.

दिवस १५

वेग. कॅप्स लॉक आणि अधिकचं चिन्ह दाबलं की वाढतो, उण्याने कमी होतो. पहिल्या दिवशी मूळ वेगही झेपत नव्हता, कारण अर्धं लक्ष उच्चारांवर होतं. आता चार पायऱ्या वर आहे. एका दमात चार नाही चढलो, दर दोन-तीन दिवसांनी एक. जुन्या वेगावर परत गेलो की ताई झोपेत बोलतायत असं वाटतं.

मित्राला त्याचा वेग ऐकवायला सांगितलं. मला नुसती किरकिर ऐकू आली, पावसाळी रात्रीच्या रातकिड्यांसारखी. तो मात्र तेवढ्यात अर्धं पान संपवून मला त्यातली चूक दाखवत होता. तो ईस्पीक वापरतो. हा आवाज माणसाच्या ध्वनिमुद्रणातून कापून-जोडून केलेला नाही, सूत्रांनी घडवलेला आहे. म्हणून तो रोबोसारखा वाटतो आणि म्हणूनच भन्नाट वेगातही त्याची व्यंजनं धारदार राहतात. त्याला मराठीही येते. विंडोज ११ मधले नवे ‘नैसर्गिक’ इंग्रजी आवाज मी लावून पाहिले. लांब लेखाला गोड आहेत, पण कळ दाबली की बोलायला क्षणभर दम घेतात. पानावर फिरताना तो क्षण खटकतो. सुंदर आवाजापेक्षा हजरजबाबी आवाज बरा, असं माझं मत झालंय.

दिवस १८

सर्दीने कान बंद. सराव नाही. डोळ्यांनी इतिहास वाचला.

‘स्क्रीन रीडर’ हे आधी आयबीएमच्या एका उत्पादनाचं नाव होतं, जिम थॅचर यांनी केलेल्या. १९८६ साली ते विंडोजच्या आधीच्या डॉससाठी आलं आणि नावच पुढे सगळ्या जातीला चिकटलं. १९८९ मध्ये जॉज हा रीडर आला. नॅरेटर विंडोज २००० पासून आहे, पण तेव्हा त्याचा सॅम नावाचा आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा होता आणि ‘खरा रीडर बसवेपर्यंत वेळ निभावून न्या’ एवढीच त्याची उमेद होती. मॅकमध्ये व्हॉइसओव्हर २००५ मध्ये आला. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी एनव्हीडीए हा रीडर सुरू केला, तो फुकट आणि खुला. करन स्वतः अंध आहेत.

दिवस २१

जुना पीडीएफ उघडला. स्क्रीनवर सुबक मराठी, कानात मात्र इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधला मजकूर. तिथे रोमन अक्षरांना देवनागरीचे मुखवटे चढवलेले असतात, आणि रीडरला मुखवटा दिसत नाही. यावर नॅरेटरकडे उपाय नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलायचा, मगच ऐकायचा.

दिवस २६

परीक्षा. मित्राने लेखाची लिंक पाठवली, विषय मुंग्या. मॉनिटरचं बटण बंद केलं. खोलीत नुसता पंख्याचा आवाज.

१ दाबला, शीर्षक मिळालं. एफ६ ची यादी ऐकली, सहा हेडिंगं. मग सुरुवातीपासून. दोनदा परिच्छेदाने मागे गेलो. एकदा चुकून एका लिंकवर एंटर बसला आणि परक्या पानावर जाऊन पडलो. ऑल्ट आणि डाव्या बाणाने परतलो, पण जागा हरवली होती. हेडिंगं मोजून चौथ्यापाशी आलो. एकूण बावीस मिनिटं लागली.

मग फोनवर पाच प्रश्न. राणी मुंगी पंख कधी टाकते? मीलनाच्या उड्डाणानंतर. बरोबर. चारही उत्तरं अशीच बरोबर आली आणि मी जरा फुशारलो.

“आता शेवटचा. मुंग्यांच्या कुळातलं समजलं जातं, पण खरं तर झुरळांच्या जवळचं, असं लेखात कोण सांगितलंय?”

“वालवी,” मी ठामपणे म्हणालो. “परदेशी जात दिसते.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग तो म्हणाला, “थांबून अक्षर अक्षर ऐकायचंस ना रे. उजवा बाण कशाला आहे?”

मॉनिटर लावला आणि पानावर शोधलं. ‘वाळवी’ त्या लेखात अकरा वेळा होती.