तुम्ही विचारलंत म्हणून : कायम पहिलीच का?

"मॅडम, एवढी सर्व्हिस झाली, तरी दरवर्षी पहिलीच का मागता?" शिक्षण परिषदेला चहाच्या वेळी कुणीतरी विचारतंच. मी सांगते, लहान लेकरं आवडतात. खोटं नाही ते. पुरतं खरंही नाही.

आमचा बीड जिल्हा. दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापांबरोबर उसाला जातो, उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. अशाच एका एप्रिलात तिसरीला वजाबाकी घेत होते. 52 वजा 27. नुकताच कारखान्यावरून आलेला एक पोरगा काड्या घेऊन बसला होता. त्यानं दशकाची एक जुडी सोडली, रबर मनगटात अडकवलं आणि सुट्या काड्या मोजायला लागला. तेवढ्यात मुख्याध्यापक विस्तार अधिकाऱ्यांना घेऊन दारात. दोन मिनिटं थांबले असतील. मग आत येऊन माझ्या हातातला खडू घेतला, फळ्यावर 25 लिहिलं. "घ्या रे लिहून." आणि पोरांदेखत मला, "बाई, झेपत नसेल तर पहिलीवर बसा."

पोरानं काड्या मुठीत धरून विचारलं, "बाई, जुडी परत बांधू का?"

मी म्हणाले, "बांध."

खडू गेल्याचं एवढं नाही. त्या 'बांध'चं अजून लागतं.

सरांवर तपासणीचं दडपण होतं, कबूल. हातचा मी फेब्रुवारीतच उरकायला हवा होता, हेही स्वतःला हजारदा सुनावलंय. पण कुणासाठी उरकायचा? तो पोरगा तर तेव्हा फडात.

'आपल्याला जमतं' हा विश्वास मुख्यतः प्रत्यक्ष जमल्यानं येतो, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरानं 1977 साली मांडलं. मग माझी अकरा वर्षं एका वाक्यात कशी वाहून गेली? शब्दानं माणूस उभा करणं अवघड, खचवणं सोपं, हेही त्यानंच म्हटलंय. ते मी फार उशिरा वाचलं.

पुढच्या मुख्याध्यापक बाई मागं पोरांत बसायच्या. म्हणाल्या, "ते काड्यांचं मला दाखवा, मलाच नीट येत नाही." परिषदेत त्याचाच पाठ घ्यायला लावला. चांगला झाला. वाटलं, सुटले. आणि जूनमध्ये परत पहिलीच मागितली. तिथं राग माझाच येतो. खुर्चीत कोण बसलंय यावर मला शिकवता येतं की नाही हे ठरायचं का? बरं, ठरत नाही म्हणावं, तर काड्या मी पुन्हा बाहेर काढल्या त्या बाईंमुळेच.

यंदा वर्गवाटपात बाईंनी माझ्या नावापुढं पेन्सिलीनं तिसरी लिहिलीय. मी अजून हो म्हटलेलं नाही.