टायपिंग करणाऱ्या पोरीचं काय?

यवतमाळहून आमची संशोधनाची टीम परत आली. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायकांच्या मुलाखती. घेणाऱ्यांना त्रास होतोच, समोर बसून एक बाई सांगते की त्यांनी फवारणीचं औषध घेतलं तेव्हा मी निंदायला गेले होते, वर मदतीसाठी केस अपात्र, कारण सातबारा सासऱ्याच्या नावावर, म्हणजे सरकारचे 1 लाखही नाहीत, यावर फॉर्ममधला पुढचा प्रश्न विचारायचा तरी कसा? पण निदान त्यांना थांबता येतं, पाणी देता येतं, येताना गाडीत एकमेकांशी बोलता येतं.

ऑफिसात हेडफोन लावून रेकॉर्डिंग टाइप करणारी पोरगी मात्र एकटीच असते. तिला रडणंसुद्धा लिहावं लागतं, ‘रडते, 40 सेकंद’ असं, म्हणजे घड्याळ लावून मोजावं लागतं, आणि शब्द कळला नाही की मागे जाऊन तेच परत, मध्येच मागून लहान मूल आईला हाक मारतं तेही परत. पैसे ऑडिओच्या तासावर, त्यामुळे जरा उठून बाहेर गेली तर तिचंच नुकसान. आज म्हणाली, ताई, रात्री घरी कोणी मोठ्याने बोललं तरी दचकायला होतं. दुसऱ्यांचं दुःख ऐकून ऐकून आपल्यालाच असं होतं याला व्हायकेरियस ट्रॉमा म्हणतात, 1990 पासून यावर लिहिलं जातंय, नवीन काही नाही. डब्ल्यूएचओने बायकांवरच्या हिंसेच्या संशोधनासाठी 2001 मध्ये सूचना काढल्या त्यातही मुलाखत देणारीबरोबर टीमचीही सुरक्षितता सगळ्यात आधी असं स्पष्ट आहे. तरी आमच्या संशोधनाच्या एथिक्सच्या, म्हणजे नैतिक मंजुरीच्या, अर्जात टायपिंगवालीचा उल्लेखच नाही.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर भिंतीवर लावलाय, चांगलाच आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. नव्या बजेटमध्ये मी तीन गोष्टी टाकतेय: टायपिंगला महिन्याचा ठराविक पगार, अशा जड फाइल्स दिवसाला दोनच, आणि समुपदेशक बाहेरची, कारण जिच्या हातात पगार आहे त्या मॅडमसमोर कोण मोकळं होणार? कात्री लागायची असेल तर प्रवासखर्चाला लागू दे, याला नाही.

तिला सोमवारपासून पगारी सुट्टी दिलीय. राहिलेल्या फाइल्स आम्ही बाकीच्यांनी वाटून घेतल्यात.