पांढरी सातमधला फॉक्सट्रॉट

जुन्या तबकड्या आणि टेपा कंप्युटरवर उतरवून देणं हा माझा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक घरगुती. आजोबांचं कीर्तन, मुंजीची टेप, कुणाच्या मावशीने आकाशवाणीवर गायलेलं भावगीत. जॅझ माझ्या टेबलावर वर्षातून दोनदा आलं तरी खूप. मला स्वतःला त्याचं वेड, त्यामुळे त्या दिवशी मी जरा जास्तच शहाणपणा दाखवायला जातो, आणि हा किस्सा त्याच शहाणपणाचा आहे.

सात-आठ वर्षांपूर्वीचा जुलै. माझगावात राहणाऱ्या एका गोवेकर म्हाताऱ्याच्या नातवाने एक तबकडी आणून दिली. बिस्किटाच्या चौकोनी डब्यात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली. ‘ग्रँडपाच्या वडिलांचा बँड आहे म्हणतात,’ एवढीच माहिती. मला वाटलं, दमदमच्या कारखान्यात निघायच्या तसली लाखेची ७८ असेल, मिनिटाला ७८ फेरे घेणारी. बनियन सोडवलं तर मधल्या भोकाशेजारी आणखी एक लहान भोक. म्हणजे कारखान्याची नव्हेच. ॲल्युमिनियमचा पत्रा, वर काळ्या लॅकरचा पातळ थर. बँड वाजत असताना यंत्रावर थेट कोरायची आणि तिथेच ऐकायची. हिच्या प्रती नसतात. जगात एकच, आणि ती माझ्या टेबलावर, बाहेर धो धो पाऊस, हवेत ओल.

या तबकड्यांचा एक रोग असतो. लॅकर लवचिक राहावं म्हणून त्यात एरंडेल घालत. वर्षानुवर्षांनी ते फुटून वर येतं आणि थंडीत खोबरेल थिजावं तसा पांढरट थर धरतो. पुसायला गेलं आणि लॅकरला तडा असला तर पापुद्रा हातात येतो, त्याच्याबरोबर आठ-दहा सेकंदांचं संगीतही. दोन तास मी मऊ ब्रशने, ओळीच्या दिशेनेच, श्वास रोखून साफ केली. एकदाच वाजवायची असं ठरवलं होतं, कारण लॅकर मऊ, दर वेळी सुई थोडंसं खरवडून नेते. जाड सुई लावली, वेग ७८ ठेवला आणि दांडी खाली सोडली.

खरखरीतून बँड बाहेर आला. फॉक्सट्रॉट, जोडीने नाचायची चाल. पुढे ट्रंपेट, मागे सॅक्सोफोनची रांग, ड्रम्स कुठेतरी शेजारच्या खोलीत ठेवल्यासारखे. तीन मिनिटं दोन सेकंद. माझ्या खुर्चीमागे आईची पेटी असते. तिच्यावर सूर लावून बघितला आणि नोंदीच्या कागदावर ऐटीत लिहिलं: ‘स्वर: पांढरी सात. चाल जलद. ट्रंपेटवादकाची शैली अस्वस्थ, काहीशी चिरकी.’ हे शेवटचं वाक्य खास माझं. मी तेव्हा एका मराठी पुरवणीत महिन्यातून एकदा परदेशी संगीतावर लिहायचो, तिथली ती सवय.

त्या सदराविषयी सांगायला हवं. सुरुवातीला बाराशे शब्द मिळत. मग आठशे, मग तीनशे आणि गुणांऐवजी तारे. संपादक एकदा म्हणाले, ‘वादकांची नावं कमी करा हो, वाचक अडखळतो.’ जॅझमध्ये वादकांची नावं काढली तर उरतं काय? शार्ल दलोने या फ्रेंच जॅझवेड्याने १९३६ मध्ये पॅरिसमध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ ही जॅझ रेकॉर्डांची यादी काढली, ती याच एका हट्टापायी: कुठल्या दिवशी, कुठे, कोण कोण वाजवत होतं. त्या याद्यांवर जॅझचा सगळा इतिहास उभा आहे. पुढे एलपीच्या पाठीवर नावं छापून येऊ लागली. आता मोबाइलवर गाणं लावलं की चौकोनी चित्र आणि बँडलीडरचं नाव. बेस कोणाचा, ते शोधत बसा. लिहिणाऱ्यांची अवस्थाही तशीच. नॅट हेंटॉफ, ज्यांनी जॅझवर लिहायचं कसं ते दोन पिढ्यांना शिकवलं, त्यांना पन्नास वर्षांच्या नोकरीनंतर २००८ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकाने नारळ दिला. ‘मेलडी मेकर’ हे ब्रिटिश संगीतपत्र १९२६ साली निघालं, २००० साली मिटलं. आपल्या मुंबईतही १९५२ मध्ये ‘ब्लू ऱ्हिदम’ नावाचं जॅझचं मासिक निघालं होतं, निरंजन झवेरी आणि मित्रांचं. ते अल्पायुषी ठरलं. झवेरींनी पुढे १९७८ मध्ये जॅझ यात्रा हा महोत्सव भरवला, सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सला मुंबईत आणलं, पण लिहिण्याची जागा रिकामी राहिली ती राहिलीच. त्या जागेत माझ्यासारखे लोक ‘अस्वस्थ, काहीशी चिरकी’ लिहीत बसले.

दोन दिवसांनी म्हातारेबुवा स्वतः आले. पंच्याऐंशीच्या पुढचे. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर फेल्टची हॅट, छत्री दारातच झटकून उभी केलेली. ‘चहा चालेल?’ म्हटलं तर, ‘चालेल, पण आधी ऐकू दे रे बाबा.’ मी त्यांना हेडफोन न देता मोठ्या स्पीकरसमोर बसवलं आणि लावलं.

वीस सेकंदंही झाली नसतील. त्यांनी हात वर केला.

‘बंद कर. हे काय लावलंस?’

‘अंकल, तुमचीच तबकडी.’

‘कुठल्या सुरात आहे?’

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा चढवला, वाचलं आणि हसायला लागले. चांगले डोळे पुसून हसले. ‘पांढरी सात! अरे, बी मेजर! ट्रंपेटवाल्याला त्यात किती शार्प येतात ठाऊक आहे? सात. सात शार्पमध्ये फॉक्सट्रॉट दिला असता तर बँडने माझ्या बापाला ग्रीनरूममध्येच बडवला असता.’

गोष्ट साधी आहे आणि मला ती कळायला हवी होती. शार्प म्हणजे चढवून वाजवायचे सूर. जितके जास्त, तितकी बोटांची कसरत. ट्रंपेट बी फ्लॅटचं वाद्य. त्याचा मोकळा ‘सा’ आपल्या काळी पाचवर. सॅक्सोफोनही तसेच फ्लॅटमध्ये रमणारे. म्हणून नाचाच्या बँडची गाणी काळी पाच, पांढरी चार, काळी दोन असल्या सुरांत बांधलेली असतात. पांढरी सात ही गिटारवाल्याची किंवा गायकाच्या हट्टाची जागा. हा बँड काळी पाचमध्येच वाजला होता. तबकडी कोरणारं यंत्र सावकाश फिरलं होतं, मी ती पूर्ण ७८ वर वाजवली, आणि सगळा बँड अर्धा स्वर वर चढला. वीजपुरवठ्याची गुणगुण रेकॉर्डमध्ये उतरली असेल तर त्यावरूनही खरा वेग काढता येतो, पण इथे ती खरखरीत बुडाली होती. खरं सांगायचं तर मी शोधलीही नव्हती.

लाज वाटली तरी धीर एका गोष्टीचा होता. असली चूक मोठमोठ्यांच्या घरी झालेली आहे. अमेरिकन ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचं ‘काइंड ऑफ ब्लू’, २ मार्च १९५९ चं सत्र: टेपचं यंत्र किंचित हळू चाललं, आणि रेकॉर्डची पहिली बाजू जगभर थोडी चढ्या सुरात विकली गेली. दुरुस्ती झाली १९९२ मध्ये. मधल्या तेहेतीस वर्षांत त्या रेकॉर्डवर किती शाई सांडली असेल! तिच्या शांतपणावर, तिच्या निळ्या रंगावर. आणि घरी तिच्याबरोबर पियानो वाजवायला बसणाऱ्या पोरांना सूर जुळत नव्हता. अंकलना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘मग? लिहिणारे वाजवत नाहीत, वाजवणारे लिहीत नाहीत.’ आणि चहा मागितला.

तबकडीला पुन्हा हात लावायची गरज नव्हती. कंप्युटरवरच वेग ७३.६ वर आणला. तीन मिनिटं दोन सेकंदांचा तुकडा तीन मिनिटं तेरा सेकंदांचा झाला. एवढ्या अकरा सेकंदांत काय फरक पडतो असं वाटेल. ड्रम्स खाली बसले. सॅक्सची रांग, जी मला घाईत वाटत होती, ती आता नाचणाऱ्यांसाठी थांबत थांबत चालली होती. आणि ट्रंपेटचा कंप, ज्याला मी चिरका म्हटलं होतं, तो रुंद, गुबगुबीत, जरासा लाडात आलेला.

‘हा पप्पा,’ अंकल म्हणाले. कपबशी खाली ठेवली.

वडील गोव्याच्या पॅरिश शाळेत, म्हणजे चर्चच्या शाळेत, मेस्त्रीकडे (संगीताचे मास्तर) सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम शिकलेले, मुंबईत आल्यावर धोबी तलावच्या कुडात, गोवेकरांच्या गाववाल्या वसतिगृहात उतरलेले. ट्रंपेटवाले चिक चॉकलेट ताजमध्ये गाजत होते तेव्हा वडिलांचा बँड दोन पायऱ्या खालच्या हॉटेलांत वाजायचा. मग दारूबंदी आली, हॉटेलांचे हॉल ओस पडले, आणि सगळे ताडदेवच्या फेमस स्टुडिओत सिनेमाच्या गाण्यांसाठी रांगेत. ‘सी. रामचंद्र माणूस चांगला. आमच्या लोकांना विचारायचा, हा पीस कसा वाजेल? रेकॉर्डवर नाव मात्र कुणाचंच नाही हां,’ हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही, पाऊस थांबला का असं विचारावं तसं म्हटलं.

हे बोलता बोलता ते एकदम पुढे झुकले. ‘आयक, आयक. आता पप्पा थांबतो. आता दुसरा ट्रंपेट येतो. आठ बार. सातव्या बारात घसरतो बघ.’

ट्रंपेट थांबला. दुसरा आला: पातळ, सरळ, शाळेत कविता म्हणावी तसा. मी बोटांवर बार, म्हणजे तालाची आवर्तनं, मोजत होतो. सातव्यात वरचा सूर धरताना आवाज फाटला, क्षणभर हवाच आली, मग कसाबसा सूर सापडला. मागून कुणीतरी हसल्याचा आवाज आहे, माइकपासून लांब. दोन दिवस मी तो खरखरीचा भाग समजत होतो.

‘तो मी,’ अंकल म्हणाले. ‘पहिल्यांदा बापाने चान्स दिला. हसला तो पण बापच.’

मी परत लावलं. मग परत. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, ‘कंप्युटरमधून ते काढता येतं?’ मी म्हटलं, खरखर काढेन, सूरही दुरुस्त करता येईल, शेजारच्या बारातला चांगला सूर आणून चिकटवता येतो. त्यांनी बराच वेळ स्क्रीनवरच्या त्या हिरव्या रेघांकडे बघितलं. ‘खरखर काढ. हसणं राहील ना?’

हसणं राहील इतपतच खरखर काढली. नोंदीच्या कागदावरची ‘अस्वस्थ, काहीशी चिरकी’ मी त्यांच्यादेखत खोडली. पांढरी सातची काळी पाच केली. मग फाइलबरोबर द्यायचा तपशील भरायला घेतला. त्यात ‘कलाकार’ असा एकच रकाना, जेमतेम एका नावापुरता. अकरा जणांचा बँड होता. अंकल डोळे मिटून रांगेने आठवत गेले, जणू स्टेजवर डावीकडून उजवीकडे चालताहेत: वाद्य, नाव, आडनाव, गाव. कुणी साळगावचा, कुणी कळंगुटचा, ड्रम्सवाला चक्क गिरगावातला. मी ते सगळं ‘शेरा’ नावाच्या मोठ्या रकान्यात कोंबलं. दहा झाले. बेसवाल्यापाशी अडले. चेहरा आठवतो, टाय आठवतो, नाव नाही. ‘उंच होता रे, दारातून वाकून यायचा.’ जाईपर्यंत तेच पुटपुटत होते, छत्री विसरले.

चौथ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. ना गुड मॉर्निंग, ना काही.

‘बेसवाला आठवला. पेन घे.’