जुन्या घोंगडीच्या वाटेवर: सोलापूर, मंगळवेढा, सांगोला

सोलापूर स्टेशनाबाहेर रिक्षात बसून ‘जुनी घोंगडी बघायचीय’ म्हणालात, तर रिक्षा चादरीच्या दुकानासमोर जाऊन थांबेल. शहराचं नावच चादरीने झालंय. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांनी ती जकार्ड मागावर घडवली आणि २००५-०६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. चादर जरूर घ्या. पण ती कापसाची. घोंगडीची लोकर धनगराच्या मेंढीची, सूत हाताने कातलेलं आणि विणणारा सणगर, म्हणजे घोंगडी विणणाऱ्या समाजातला. त्यासाठी शहर सोडून मंगळवेढा-सांगोल्याचा रस्ता धरावा लागतो.

रस्ता आता चांगला झालाय. मंगळवेढा सोलापूरहून साधारण ५५ किलोमीटर, सांगोला त्याच्याही पुढे. एसटी मिळते, पण आडगावातली माग असलेली घरं गाठायची तर स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवी. सकाळी लवकर निघा. एप्रिल-मे टाळाच, ऊन सोसवत नाही. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या आसपास मुक्कामाची सोय होणं अवघड. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात तेव्हा मालदांडी ज्वारी उभी असते आणि हुरडाही मिळतो.

मी बरोबर आजोबांची घोंगडी घेतली होती. काळी, काठाला पांढरे पट्टे, दोन पट्ट्या मधोमध शिवून जोडलेली. एका कोपऱ्यात उंदरांनी तळहाताएवढं भोक पाडलं होतं. शहरातल्या एका रफूवाल्याने मशीनने शिवून वर अस्तर लावायचा सल्ला दिला होता. ते मला पटलं नाही, आणि सांगोला तालुक्यातल्या एका गावात सणगरमामांच्या ओसरीवर बसल्यावर का पटलं नाही तेही कळलं.

मामांनी घोंगडी आधी उन्हात पसरली, झटकली आणि मधली शिवण उसवली. पट्टी सुटी झाल्याशिवाय ताण सारखा येत नाही, म्हणाले. मग ती खाटेवर दोऱ्यांनी ताणून बांधली. भोकाच्या कडेचे तुटके धागे कापले नाहीत, एकेक करून मोकळे केले. नवा ताणा, म्हणजे उभे धागे, भरताना सूत भोकाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं आत, जुन्या धाग्याला लगटून नेलं. त्यानंतर लांब सुईने बाणा, म्हणजे आडवे धागे, एक वर एक खाली. वीण मुद्दाम जराशी सैल ठेवली, कारण नवी लोकर पाण्यात आटते, जुनी आटून झालेली असते. घट्ट भरलं तर पहिल्या धुण्यात तिथे चुणी पडते. शेवटी चिंचोक्याची खळ कुंच्याने फिरवली. खळीने सुताचे केस बसतात आणि धाग्याला बळ येतं. नव्या घोंगडीला जो आंबूस वास येतो तो याच खळीचा.

हे सगळं त्यांनी अर्ध्या दिवसात केलं. वेळ गेला तो सूत शोधण्यात.

“माग हाय, हात हायत,” मामा म्हणाले, “सूत कुठलं आणायचं, ताई? कातणाऱ्या म्हाताऱ्या ऱ्हाईल्या न्हाईत.”

शेवटी शेजारच्या आजींनी फडताळातून काळ्या सुताचा एक गुंडा काढून दिला. दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिला गिरणीत मागणी नाही. कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही, म्हणून बरेच मेंढपाळ आता मटणासाठी माडग्याळसारखी मेंढी पाळतात, तिच्या अंगावर लोकर कमीच. हाताने कातलेलं सूत गिरणीच्या सुतासारखं एकसारखं नसतं, कुठे जाड तर कुठे बारीक. जुन्या घोंगडीत तेच मिसळून जातं. गिरणीचा किंवा ॲक्रिलिकचा धागा भरला तर ठिगळ लांबूनही ओळखू येतं, शिवाय तो जुन्या लोकरीबरोबर झिजत नाही, तिला कडेने कापत जातो. म्हणून जुन्या घोंगड्या जमवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: ज्या घरी हातकातलं सूत दिसेल तिथे काळं, पांढरं, करडं थोडं थोडं विकत घ्या आणि मागतील तो भाव द्या. आज दुरुस्ती अडते ती सुतावाचून. त्या आजींना गुंड्याचे पैसे मिळाले तर पुढच्या कातरणीची लोकर उकिरड्यावर जाणार नाही.

विकत घेताना परख करायची ती अशी. कडेचा एक धागा उपसून काडीने पेटवा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून टणक गोळी होते. बाजारात ‘घोंगडी’ म्हणून पानिपतकडची, जुन्या कपड्यांच्या लोकरीपासून केलेली ब्लँकेटंही येतात. ती स्वस्त, मऊ, उबदार असतात, पण घोंगडी नव्हेत. काळा रंग मेंढीचाच आहे का हे बघायला ओला पांढरा रुमाल घासा. रंग लागला तर तो डब्यातला. अस्सल काळी लोकर वर्षानुवर्षांच्या उन्हाने घडीच्या कडांवर तांबूस होते. तो तांबूसपणा हा दोष समजू नका, मी तर तोच बघून निवडते.

देवघरातली, जागरणाला अंथरलेली, भंडाऱ्याने पिवळी पडलेली घोंगडी मात्र मागू नका. घरच्यांनी आपणहून दिली तर घ्या, आणि तो पिवळा डाग धुऊन काढू नका. तिच्या वयाचा आणि वापराचा तेवढाच पुरावा आपल्या हाती असतो.

धुणं शक्यतो टाळाच. ऊन, वारा आणि काठीने हलके झटकणं बहुतेक वेळा पुरतं. धुवावीच लागली तर थंड पाणी आणि रिठा. घासायचं नाही, पिळायचं नाही, सावलीत आडवी पसरून वाळवायची. ओली घोंगडी दोरीवर टांगली तर स्वतःच्या वजनाने लांबते आणि ती लांबी परत जात नाही. वॉशिंग मशीनमध्ये घातली तर आटून, घट्ट होऊन तिचा नमदाच व्हायचा. कसर (लोकर खाणारी कीड) लागलेली दिसली तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद बांधून पंधरा दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा, मग ब्रशने झाडा. अळ्या आणि अंडी मरतात. कडुलिंबाचा पाला घालून ठेवणं चांगलंच, पण लागलेली कसर त्याने जात नाही. ठेवताना दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, जुनी लोकर घडीवरच तुटते.

एकाच ठिकाणी खूप घोंगड्या बघायच्या असतील तर दिवाळीच्या अमावास्येला मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला जा. महालिंगरायाच्या यात्रेला महाराष्ट्र-कर्नाटकातून धनगर समाज लोटतो, पालख्या भेटतात, भंडारा उधळला जातो. गर्दी अफाट असते, तेव्हा आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा, गाडी गावाबाहेर लावा, रोख पैसे जवळ ठेवा आणि राहायची सोय मंगळवेढ्यात आधीच करा. तिथे घोंगडी घ्या किंवा नका घेऊ, पण कोण कुठल्या गावात विणतं, कुणाच्या घरी अजून सूत कातायची चाती फिरते, हे विचारून लिहून घ्या. दुरुस्तीची घोंगडी असेल तर ती यात्रेत आणू नका. यात्रा उरकून माणसं घरी परतली की दोन आठवड्यांनी त्यांच्या गावी न्या, तेव्हा हाताला सवड असते.