खालच्या घोडेस्वाराचं नाव, आणि अर्जातला एक रकाना

‘पाहावयाच्या वस्तूंचे नोंदणी क्रमांक.’ संग्रहालयातली नाणी जवळून पाहण्यासाठीच्या अर्जातला हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. आणि कोणती नाणी पाहायला हवीत हे ठरवण्यासाठीच तर मला तिथे जायचं होतं! या एका रकान्यापायी माझे अकरा आठवडे गेले. संग्रहालयाचं नाव लिहीत नाही. पण जुन्या नाण्यावरच पुन्हा ठोकलेलं नाणं घेऊन तुम्ही अशाच एखाद्या दारात उभे असाल, तर माझा त्रास तुमच्या उपयोगी पडावा म्हणून हे सगळं लिहितेय.

माझ्याकडे ग्रीसमधल्या बिओशियाच्या संघाचं एक कांस्य नाणं आहे. व्यास १८ मिलिमीटर, वजन ४.३ ग्रॅम. एका बाजूला किंचित उजवीकडे वळलेला डिमीटर या धान्यदेवतेचा चेहरा, केसांत धान्याच्या कणसांची माळ. काही अभ्यासक तिला डिमीटरची मुलगी कोरे मानतात. दुसऱ्या बाजूला त्रिशूळ घेतलेला समुद्रदेव पोसायडन आणि ‘बोइओटोन’, म्हणजे ‘बिओशियावासीयांचं’, ही अक्षरं. इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकाच्या शेवटाकडचा हा प्रकार पुष्कळ सापडतो, त्यामुळे किंमतही बेताचीच. मी रीतसर पावतीसह घेतलं. इथपर्यंत काहीच अडलं नाही.

घरी आल्यावर रात्री टेबलावरचा दिवा आडवा केला, तेव्हा त्रिशुळाच्या दांड्याला लागून एक वाकडी रेघ दिसली. नाणं पाव फेरा फिरवलं आणि ती रेघ घोड्याचा मागचा पाय झाली! वर शेपटी, पोटाची कड, आणि काठाशी स्वाराची पोटरी. उलटून पाहिलं तर डिमीटरच्या मानेमागे बारीक गोळ्यांची ओळ होती. ग्रीक वीर हेराक्लीसने डोक्यावर ओढलेल्या सिंहाच्या कातड्याची आयाळ ती. आधीचं नाणं तापवून, नव्या ठशांमध्ये धरून पुन्हा ठोकलेलं होतं. आपल्याकडे याला पुनर्मुद्रांकन म्हणतात.

मी नाशिकची. जोगलटेंभीची गोष्ट आमच्याकडे शाळेतच कानावर पडते. १९०६ साली तिथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं ठोकलेली होती. नहपानाच्या त्या नाण्यांवर ग्रीक अक्षरंही आहेत. त्यामुळे खालचा राजा आणि वरचा राजा एकाच नाण्यावर पाहणं मला नवीन नव्हतं. पण ते स्वतःच्या तळहातावर पाहिलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही.

आता प्रश्न असा, की हा घोडेस्वार कोणाचा? एका बाजूला हेराक्लीस आणि दुसऱ्या बाजूला हात उंचावलेला स्वार ही जोडी मॅसिडोनियाच्या कॅसँडरच्या कांस्य नाण्यांवर आहे, आणि अँटिगोनस नावाच्या राजाच्याही. कॅसँडर इ. स. पू. २९७ मध्ये वारला. अँटिगोनस गोनातास २३९ पर्यंत राज्यावर होता, तर अँटिगोनस डोसोन २२९ ते २२१. खालचं नाणं वरच्यापेक्षा जुनंच असणार, त्याला दुसरी वाटच नाही. म्हणून खालच्या राजाचं नाव कळलं की वरच्या नाण्याला ‘याच्या आधीचं नाही’ अशी हद्द मिळते. पुनर्मुद्रांकित नाण्याचं मोल मला यातच वाटतं, आणि विक्रेते जेव्हा त्याला ‘खराब ठसा’ म्हणून कोपऱ्यात टाकतात तेव्हा फार वाईट वाटतं. दोनदा ठोकलेलं आणि पुनर्मुद्रांकित यात फरक आहे, तोही सांगून ठेवते. ठोकताना नाणं सरकलं तर तेच चित्र दुसऱ्यांदा उमटतं. इथे खाली वेगळंच चित्र असतं.

फोटोंवरून माझं काम होईना. स्वाराच्या वर एक बीटा, म्हणजे ग्रीक ‘ब’, दिसत होता. पण तो ‘बासिलेओस’ म्हणजे ‘राजाचं’ यातला, की ‘बोइओटोन’मधला? आणि ‘बासिलेओस’मधला असला तरी तो बीटा दोन्ही राजांच्या नाण्यांवर आहे. निकाल लागणार होता घोड्याच्या पोटाखाली. कॅसँडरच्या नाण्यावर तिथे त्याचं पूर्ण नाव सरळ ओळीत असतं, तर अँटिगोनसच्या नाण्यावर अल्फा, न्यू, टाऊ ही त्याच्या नावातली अक्षरं एकात एक गुंफलेलं चिन्ह. माझ्या नाण्यावर नेमका तिथे नवा ठसा जोरात बसला होता. खरी नाणी शेजारी ठेवून, एकाच दिव्याखाली पाहणं भाग होतं.

म्हणून अर्ज केला. पहिल्यांदा त्या रकान्यात लिहिलं, ‘कॅसँडर ते डोसोन, घोडेस्वार प्रकारातली कांस्य नाणी’. अर्ज आपोआप परत आला, कारण रकान्यात फक्त आकडे चालतात. दुसऱ्यांदा रकान्यात शून्य लिहून सोबत सविस्तर पत्र जोडलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की कृपया क्रमांक द्यावेत. मी उलट लिहिलं की क्रमांक ठरवण्यासाठीच मला यायचं आहे. त्यावर काहीच नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मेल उघडायची आणि तेच रिकामं पान. सातव्या आठवड्यात कळवलं गेलं की ‘माहिती अपूर्ण असल्याने’ अर्ज बंद केला आहे. त्या दिवशी मी खरंच रडले. जगभरचे लोक अभ्यासाला येतात त्या दारात, ‘मला अजून माहीत नाही’ असं लिहायला एक ओळसुद्धा असू नये? माहीत नसतं म्हणूनच तर माणूस संग्रहालयात जातो.

शेवटी फोन केला. हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं, तुम्ही तरी करा. पलीकडच्या बाई फार शांतपणे म्हणाल्या, “एक-दोन क्रमांक घाला आणि शेरा लिहा की तो अख्खा ट्रे हवा आहे.” एवढंच! संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीत कॅसँडरचा एक स्वार आणि अँटिगोनसचा एक स्वार शोधला, दोघांचे क्रमांक भरले, शेरा लिहिला. नवव्या दिवशी तारीख हातात आली.

जाताना सोबत काय न्यावं, ते आठवतंय तसं सांगते. आपल्या नाण्याचा मोठा फोटो काढून, खालच्या चित्राच्या रेघा पारदर्शक कागदावर वेगळ्या गिरवून न्या. हा कागद प्रत्येक नाण्याच्या फोटोवर फिरवून बघता येतो आणि डोळ्याला हवं ते दिसण्याचा धोका कमी होतो. स्वतःचं नाणं आत न्यायचं असेल तर आधी लेखी कळवा, पावती जवळ ठेवा. आणि नाणं धुऊ नका! चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, काहीही लावू नका. खालच्या चित्राची केसाएवढी रेघ त्या हिरव्या थरातच उरलेली असते.

त्या दिवशी आधी बाईंनी आपणहून सिसिलीचा एक ट्रे काढला. केंटोरिपाईचं जाडजूड नाणं हातात दिलं, तीस ग्रॅमच्या आसपासचं. त्यावर बिबट्या, आणि बिबट्याच्या पोटाखालून सिराक्यूजच्या जुन्या नाण्यावरच्या ताऱ्याचे किरण वर आलेले. बाजूला एका डॉल्फिनची पाठ. सिराक्यूजची ती नाणी सिसिलीतल्या बऱ्याच गावांनी अशीच पुन्हा ठोकून घेतली होती. मला बोलायलाच सुचेना.

मग आमचे स्वार. दिवा डावीकडून, अगदी खाली. कॅसँडरच्या नावाची अक्षरं पोटाखाली एका ओळीत, लहान, अंतर राखून. माझ्या नाण्यावर भिंगातून पाहिलं तर दोन तिरक्या रेघा शिखराशी जुळलेल्या आणि त्यांना चिकटून एक उभी दांडी. दोन्ही बाजूंना कोरी जागा, ओळ नाही. शेजारच्या अँटिगोनसच्या नाण्यावर तेच चिन्ह, तेवढंच, तिथेच. पारदर्शक कागद ठेवला आणि घोड्याचा मागचा पायही रेघेवर रेघ बसला.

हा अँटिगोनस गोनातास की डोसोन, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि ते चिन्ह दोघांच्याही नावाला लागू पडतं. पण कॅसँडर नक्की नाही. तिथेच बसून नाण्याच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं: ‘वर बिओशिया, खाली अँटिगोनस.’ बाईंनी ते वाचलं, मान हलवली आणि ट्रे उचलायच्या आधी मला आणखी दहा मिनिटं बसू दिलं.