आधी नजर कुठे गेली ते सांगा

रविवार, रात्री उशिरा

आज आमची फोटो बघायची बैठक लांबली. दिवाळीच्या सुट्टीत सगळेच कुठे ना कुठे भटकून आलेत, त्यामुळे फोटो भरपूर होते. पण निम्मा वेळ गेला तो एकाच फोटोवर, आणि तो सत्कारणी लागला असं मला मनापासून वाटतं.

फोटो कोकणकड्याचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी अलीकडे आमच्यात यायला लागली आहे, तिने हरिश्चंद्रगडावर मावळतीला काढलेला. केशरी आकाश, मध्यभागी सूर्य, पुढ्यात मोठा काळा खडक आणि त्याच्यामागे कडा. टीव्हीवर फोटो आला तशी दोघंतिघं म्हणाली, "मस्त! कडक!" तिने मान डोलावली, पण वही उघडून पेन हातात धरून बसली होती. तिला पुढचं ऐकायचं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. फोटो लागला की ज्याचा आहे त्याने गप्प बसायचं. खिरेश्वरकडून चढलो की नळीच्या वाटेने, पाय किती दुखले, रात्री गुहेत थंडी किती वाजली, हे सगळं चहाच्या वेळी. एरवी आम्ही त्या गोष्टी फार आवडीने ऐकतो. पण ज्याने गड चढलाय त्याला फोटोत ती सगळी चढण दिसते, बघणाऱ्याला फक्त चौकट दिसते. म्हणून बाकीच्यांनी आधी एवढंच सांगायचं: नजर पहिल्यांदा कुठे गेली, तिथून कुठे सरकली, कुठे अडखळली. चांगलं-वाईट नंतर.

आज गंमत अशी झाली की सगळ्यांची नजर सूर्यावर गेली, तिथून पुढच्या खडकावर उतरली आणि तिथेच थांबली. कड्याचं नाव कुणी घेतलंच नाही. मग तिला विचारलं, "तुला काय दाखवायचं होतं?" ती पटकन म्हणाली, "खोली. कडेला पालथं पडून खाली बघितल्यावर पोटात गोळा येतो ना, ते."

तिच्या या उत्तरामुळे पुढचं बोलणं सोपं झालं. "आकाश जास्त झालंय", "खडक कापून टाक" असे सल्ले आधी दिले असते तर ते आमच्या आवडीचे सल्ले झाले असते. आता ते तिच्या हेतूशी ताडून बघता आले. तिने १६ मिलिमीटरची वाइड लेन्स वापरली होती. एवढं भव्य दृश्य समोर असलं की हात आपोआप वाइडकडे जातो, सगळं मावावं म्हणून. पण वाइड लेन्समध्ये जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं आक्रसतं. पुढचा खडक डोंगराएवढा झाला आणि शेकडो मीटरचा कडा बोटभर उरला. शिवाय कॅमेरा थेट सूर्याकडे होता, त्यामुळे दरीत नुसता काळोख.

बँकेतून निवृत्त झालेले काका आमच्यात सगळ्यात जुने. त्यांच्या पिशवीत काळ्या कार्डशीटचे इंग्रजी एलच्या आकाराचे दोन तुकडे कायम असतात. ते त्यांनी टीव्हीवर धरून चौकट लहान-मोठी करून दाखवली. डावीकडे कड्याची एक बाजू होती, अगदी कोपऱ्यात, उन्हात तांबूस झालेली. काका म्हणाले, "बेटा, तुझा फोटो इथे आहे." खरंच होतं. कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला आहे आणि त्याचं तोंड पश्चिमेला. संध्याकाळचं ऊन कातळावर समोरून पडतं. सूर्याकडे पाठ नाही फिरवली तरी चालेल, थोडं बाजूला वळून त्या वळणाच्या दुसऱ्या टोकाकडे ७० मिलिमीटरच्या आसपासची, लांबचं मोठं दाखवणारी लेन्स लावली तर कातळाचे थर, खालची झाडी आणि वर टोकाशी बसलेली मुंगीएवढी माणसं एका चौकटीत येतील. माणूस दिसला की उंची कळते. तिने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "मग हा फोटो टाकून देऊ?" काका म्हणाले, "अजिबात नको. रंग छान पकडलेस, क्षितिज सरळ आहे. ठेव, आणि पुन्हा जा."

असं नेमकं कौतुक मला फार मोलाचं वाटतं. "मस्त"ने बरं वाटतं, पण पुढच्या वेळी नक्की काय तसंच ठेवायचं ते कळत नाही.

मध्येच एकाचा कास पठारावरचा फोटो आला. तेरड्याच्या जांभळ्या गालिच्यात कॅमेरा जमिनीलगत ठेवून काढलेला, दिसायला देखणा. मी रचनेबद्दल बोललेच नाही. वाट सोडून आत शिरल्याशिवाय हा कोन मिळत नाही, एवढंच म्हटलं. जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ आहे की तुडवलेलं रोप पुन्हा उभं राहणं कठीण, आणि बी धरायच्या आत ते गेलं की पुढच्या वर्षीची फुलंही गेली. तो थोडा गप्प झाला. पण फोटोवर बोलताना पाय कुठे होते हेही बोललं पाहिजे, यावर मी ठाम आहे.

शेवटी माझा फोटो. श्रावणातला, मुळशीकडची भातखाचरं, एक बाई लावणी करतेय, मागे ढगात अर्धा बुडालेला डोंगर. गप्प बसणं मलाही जड जातं. धाकट्या मंडळींनी सांगितलं की नजर बाईकडे जाते, पण सगळं एकच हिरवं दिसतं. ते पटलं. सह्याद्रीत पावसाळ्यात भाताचा पोपटी वेगळा, गवताचा वेगळा, कारवीचा काळपट हिरवा वेगळा. रंग एकसारखे वाढवले की हे सगळे भेद बुजतात. काकांनी पोलरायझर, म्हणजे लेन्सवर बसवायचा चकाकी कापणारा फिल्टर, लावायला सांगितलं. तो फक्त निळ्या आकाशासाठी नाही, ढगाळ हवेतही ओल्या पानांवरची चकाकी कमी करतो आणि पानांचा मूळ रंग दिसतो. प्रकाश थोडा कमी होतो, तेवढं सांभाळायचं.

दुसरी सूचना मात्र मी घेतली नाही. चौकटीच्या उजव्या बाजूने विजेचा खांब आणि तारा जातात. "दोन मिनिटांत पुसता येतील," काका म्हणाले. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, तारा डोळ्याला टोचतात. पण मला ते शेत आज जसं आहे तसं हवंय, त्या बाईच्या घरात दिवा लावणाऱ्या तारांसकट. मी तसं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पटलं नाही म्हणाले. कुणाचा आवाज चढला नाही.

पुढच्या बैठकीला दोन प्रिंट काढून नेणार आहे, एक तारांसह, एक ताराविना. हिरव्या रंगावर उद्या बसते, त्याला वेळ लागेल. आणि त्या मुलीला माझी ७०-२०० लेन्स द्यायची आहे, ती डिसेंबरात पुन्हा गडावर जातेय.