भिजलेली सीतेची वेणी

रविवार, २५ मे २०२५. आंबोली.

काल केरळात पोचलेला मान्सून आज देवगडपर्यंत आला, असं दुपारी बातम्यांत ऐकलं. वैशाख अजून संपायचाय. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात ज्याच्या वाटेकडे डोळे लावायचे, तो पाऊस आंबे उतरवून व्हायच्या आत आला. बागायतदारांचा जीव टांगणीला लागलाय. तरीही मला आजचा दिवस सोडवला नाही, कारण सीतेची वेणी, म्हणजे झाडाच्या खोडावर वाढणारं ऑर्किड, फुलायचे हेच दिवस.

सावंतवाडीहून निघताना आई म्हणाली, "अशा पावसात कसले गो फोटो?" आणि छत्री घेऊन माझ्याआधी गाडीत जाऊन बसली.

घाट चढून वर आलो तर सगळं धुक्यात. रस्त्याकडेच्या एका जुन्या झाडावर, हात उंच केला तर टेकेल एवढ्यावर, दोन घोस लोंबत होते. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट गुलाबी ठिपके, शंभरावर फुलं एकाच दांड्याला दाटीनं लगडलेली, आणि प्रत्येकाच्या टोकाला एक थेंब. आसामात बिहू नाचताना मुली हेच फूल केसांत माळतात. तिकडे ते कपौ फूल.

उन्हात मी याचे फोटो काढलेत. पांढरा रंग नुसता जळून जातो, ठिपके फिके पडतात. आज ढगांनीच उजेड गाळून दिला होता. वाऱ्यानं घोस हलत होते म्हणून कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर नेलं, आणि उजेड कमी म्हणून आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, सोळाशे. आईनं छत्री कॅमेऱ्यावर धरली आणि स्वतः भिजत उभी राहिली. वाऱ्याची झुळूक ओसरायची वाट बघत आम्ही दोघी तिथं पाऊण तास होतो.

त्या पाऊण तासात मुळं दिसली. खोडाला बिलगलेली, करंगळीएवढी जाड. कोरडी असताना ती चांदीसारखी पांढुरकी असतात. त्यांच्यावर स्पंजासारखं आवरण असतं, ते पाणी पिऊन पारदर्शक झालं की आतला हिरवा रंग वर येतो. हे वाचलं होतं, पाहिलं आज.

सीतेच्या वेणीला बांडगूळ समजून ओरबाडणारे लोक पाहिले की जीव तुटतो. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. ही मात्र फक्त खोडाचा आधार घेते, पाणी पावसाचं आणि हवेतल्या दमटपणाचं. घरी नेऊन कुंडीतल्या मातीत खोचली की मुळं कुजतात आणि ती मरते.

परतताना आईलाच काळी मुसळी ही जमिनीलगत वाढणारी छोटी वनस्पती दिसली. "हे माडाचं रोप इथं कुठून?" पानं खरंच तशी. बुडाशी, जमिनीला टेकून, सहा पाकळ्यांची एकच पिवळी चांदणी. तिचा बीजकोश मातीतच असतो, फूल तेवढं वर डोकावतं. चिखलात पोटावर आडवं होऊन चार फोटो काढले. आईनं पदरानं माझा चेहरा पुसला.

आता रात्री आम्ही दोघी फोटो बघतोय. बाहेर पाऊस धरून आहे. आईनं घोसांचे सगळे फोटो भराभर पुढे सरकवले आणि एका मुळापाशी थांबली. फांदीच्या आडोशाला असलेला त्याचा अर्धा भाग चांदीचा, पावसात आलेला अर्धा हिरवा. "हा मला पाठव," म्हणाली.